चिनी बाईची जोडवी

कला अमर असते. कलावंत येतात आणि जातात. मल्हाररावांची कला बंगळूरला के. आर. पुरमच्या एका टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर पाय खरवडून उभी होती आणि कलावंत तळमजल्यावर सिक्युरिटीला आपलं नाव तिसऱ्यांदा सांगत होता.

"मल्हारराव. फर्निचर रिपेअरी. सोळा-शून्य-दोन."

त्यांना सामानाच्या लिफ्टने पाठवण्यात आलं. लिफ्टमध्ये आधीच एक फ्रिज होता. त्रेसष्ट वर्षांचे मल्हारराव रंगाची पेटी पोटाशी धरून त्याच्याशेजारी उभे राहिले.

दार निधीने उघडलं. हॉलमध्ये ते कपाट होतं. काळंभोर, लाखेच्या चकाकीचं, दोन्ही दारांवर सोनेरी चित्र. पॅगोडा, एक पूल, पंखा घेतलेला गृहस्थ, छत्री घेतलेली बाई, आणि एका पायावर उभा असलेला बगळा. सामान हलवणाऱ्यांच्या दोरीने त्याचा तो एकुलता एक पाय खरवडून काढला होता. बगळा आता पाण्यावर अधांतरी तरंगत होता, पण चेहऱ्यावर त्याने काही दाखवलं नव्हतं.

"तुम्ही मराठी?" निधीने विचारलं. "इथलेच?"

"होय बाई. साडेतीनशे वर्षं झाली."

"आम्हाला तीन. तुमच्याकडे पण टँकरचंच पाणी का?"

निधीचा नवरा तनय लॅपटॉप बाजूला ठेवून आला. "काका, याला शिन्वाझरी म्हणतात. म्हणजे चायनीज नाही हं. युरोपियन लोकांनी चायना न बघता इमॅजिन केलेलं चायना. लंडन, सतराशे साठ. सो, प्लीज, जरा जपून."

"सरी, बरं," मल्हारराव म्हणाले.

सतराशे साठ नव्हे, एकोणीसशे शहाऐंशी. लंडन नव्हे, बंगळूरचंच शिवाजीनगर. चीन न पाहिल्याचं मात्र अगदी बरोबर होतं. हे कपाट मल्हाररावांनीच रंगवलं होतं, ते ज्या फर्निचरच्या दुकानात कामाला होते त्याचे तेव्हाचे मालक श्रीकांतराव यांच्या कारखान्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी. समोर एका जुन्या इंग्रजी कॅटलॉगचं पान होतं. ते अर्धं फाटलेलं असल्यामुळे पूल निम्म्यातच संपत होता, म्हणून मल्हाररावांनीही तो निम्म्यातच संपवला. मग कपाट न्हाणीघरात, पाणी तापवायच्या बंबाशेजारी ठेवलं गेलं. धूर आणि वाफ खाऊन लाखेला बारीक तडे पडत. श्रीकांतरावांच्या दुकानात अठरावं शतक यायला साधारण तीन महिने लागायचे.

आता दुकान त्यांच्या मुलाचं, यशोवर्धनचं होतं. त्याने आज सकाळी मल्हाररावांना बाकावरून उठवून सांगितलं होतं, "मल्हारअण्णा, हात थरथरतोय तुमचा, मला दिसतं की हो. हे एक काम करून या. तक्रार आली नाही तर खिडकीजवळचा बाक तुमचा, हवा तितकी वर्षं बसा. आली तर सोमवारपासून घरी. मी प्रिंटर आणतोय. आणि तिथं तोंड उघडू नका. चहा दिला तर तेवढ्यापुरतं उघडा."

मल्हाररावांना बाक हवा होता. बायको मथुराबाई गेल्यापासून घरात त्यांना एक खुर्ची होती आणि मुलगा शौर्य त्यांना तिच्यात बसवून टीव्ही लावून द्यायचा. बाकावर मात्र त्यांना कोणी काही लावून देत नसे.

आणि कपाट पाहून त्यांना हायसं वाटलं. आयुष्यभर परक्याच्या हाताची नक्कल केली. आज पहिल्यांदाच स्वतःच्या हाताची करायची होती. ती काय, झोपेतही जमेल.

त्यांनी चष्मा चढवला, सोन्याची भुकटी वॉर्निशात कालवली, तीन केसांचा ब्रश घेतला आणि मनगटाखाली डावा हात टेकवला. पाय म्हणजे एक रेघ. वरून खाली, श्वास रोखून, एकदाच. शहाऐंशी साली अशा रेघा त्यांनी गप्पा मारत काढल्या होत्या.

रेघ निम्म्यात थांबली, थोडी डावीकडे गेली, आणि मग तिला आठवलं की आपल्याला खाली जायचंय. त्यांनी ती पुसली. पुन्हा काढली. पाचव्या वेळेला बगळ्याला गुडघा आला.

"झालं बाई."

तनयने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. दोघं बराच वेळ बघत राहिले.

"मान बघ," तो निधीला हळू आवाजात म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल इतक्या. "कसला कॉन्फिडंट स्ट्रोक आहे. आणि पाय बघ. घाबरलेला आहे."

"काका, राग मानू नका," निधी म्हणाली, "पण ओरिजिनल आर्टिस्टची लेव्हल वेगळी असते ना. तुमची चूक नाही त्यात."

तिने यशोवर्धनला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "पाय अगदी वेगळ्याच माणसाने काढल्यासारखा दिसतोय."

"सॉरी मॅडम. तो आमचा पॉलिशवाला आहे हो. दुसरा माणूस पाठवतो. अण्णा, पेटी घ्या, या परत."

मल्हाररावांनी ब्रश पुसला. मग पेटी न उचलता म्हणाले, "मीच काढलोय हे."

"हो, पाय तुम्हीच काढला," तनय म्हणाला.

"पाय नव्हे. सगळं. मान पण. शहाऐंशी साली." ते गुडघ्यावर बसले आणि छत्रीवाल्या बाईच्या पावलांवर बोट ठेवलं. "इथं बघा स्वल्प. जोडवी आहेत. दोन्ही पायांत. चिनी बाईला कुठली आली जोडवी? माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा. शेजारी हिचा नवरा पंखा घेऊन उभा आणि हिची बोटं मोकळी, बरं दिसेना मला. चिनी असली म्हणून काय झालं, नवरा जिवंत आहे की तिचा."

"अण्णा, पेटी घ्या म्हटलं ना," यशोवर्धन फोनमधून घाईने म्हणाला.

तनय आत गेला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधलं सर्टिफिकेट घेऊन आला. त्यातलं इंग्रजी त्याने मराठी करून वाचलं, एखाद्या लहान मुलाला वाचून दाखवावं तसं. "'स्त्रीच्या पायांत भारतीय पद्धतीची जोडवी. चीन आणि भारत यांतला फरक ठाऊक नसलेल्या अठराव्या शतकातल्या इंग्रज कारागिराची ही नमुनेदार चूक असून, कपाटाच्या अस्सलपणाचा हा सर्वांत भक्कम पुरावा होय.' काका, त्यामुळेच तर घेतलं आम्ही हे."

आता फोनमधून यशोवर्धनचं हसू आलं. मोकळं, सुटका झालेल्या माणसाचं. "वय झालंय मॅडम त्यांचं. कुठलंही जुनं कपाट दिसलं की माझंच म्हणतात. परवा राजवाड्यातला पलंगपण त्यांचाच होता."

"माझ्या आजोबांचं असंच होतं," निधी म्हणाली. तिचा आवाज खरोखरच मऊ झाला होता. "ते प्रत्येकाला सांगायचे, धरण मी बांधलं म्हणून." तिने मल्हाररावांच्या हातात चिवड्याचा डबा दिला, ऑटो बुक केली आणि ड्रायव्हरला हिंदीत समजावलं की हे विसरतात, यांना नीट दारापर्यंत सोडा.

मल्हाररावांनी निघताना बगळ्याकडे एकदा पाहिलं. मान सुरेख होती. पाय भिकार होता. त्या दोघांचं काही चुकत नव्हतं, आणि हे सांगण्यासारखं घरात आता कोणी उरलं नव्हतं.

सोमवारी यशोवर्धनने दुकानात खिडकीजवळ प्रिंटर बसवला. नव्या माणसाने बगळ्याच्या पायाचं सोनेरी स्टिकर छापून के. आर. पुरमला नेऊन चिकटवलं, ते निधीला फार आवडलं. शौर्यने वडिलांच्या रिमोटमध्ये नवे सेल घातले.

कपाटात सध्या वायफायचा राउटर आहे. दारं लावली की बेडरूममध्ये रेंज येत नाही. म्हणून ती कायम उघडी, पार मागे वळवून ठेवलेली असतात. चित्राची बाजू भिंतीकडे.