एका प्लगातली दोन यंत्रं

आमच्या टेलिफोनच्या फायबर केंद्रात दोन यंत्रं आहेत. मुख्य बंद पडलं, की राखीव यंत्राने पापणी लवायच्या आत काम उचलायचं. दोघांच्या केबली दोन वेगळ्या रस्त्यांनी जातात. त्यासाठी अर्धं शहर खणलं, आणि शिव्या मी खाल्ल्या. काल यंत्रांमागे पडलेलं पेन काढायला वाकलो, तर दोघांच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात, आणि बोर्ड भिंतीतल्या एकाच प्लगवर. वीज गेली तर लागणाऱ्या बॅटऱ्या दोन वर्षांपासून ‘मागवल्या’ आहेत. भाऊ वेगळे निघाले, चूल मात्र एकच.

आज साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. ‘दोन्ही यंत्रणा पूर्णपणे स्वतंत्र आहेत.’ खाली माझी सही हवी होती.

“नाही करत,” मी म्हणालो.

“अरे, हिरवे दिवे दोन आहेत. मोज.”

“मोजले. प्लगही मोजला.”

“सही नाही केलीस तर उद्यापासून गोदामात बसशील.”

शहराच्या रुग्णवाहिकेचे सगळे फोन या यंत्रांवरून जातात. ते उचलायला माझी आत्या बसते. मी तिला मोबाइल लावला, स्पीकर चालू केला.

“आत्या, साहेब भिंतीतला प्लग काढतायत. म्हणतात, काही बिघडणार नाही.”

“मग काढू दे की! पण कुणाचा फोन मध्येच तुटला, तर पत्ता साहेबांना विचारू का?”

“काढा, साहेब,” मी बाजूला सरकलो. “तुमच्या फॉर्मवर विश्वास आहे ना?”

साहेब वाकले. हात प्लगपर्यंत गेला आणि तिथेच थांबला, जणू तो प्लग नसून कुणाचं नाक होतं.

“आज नको,” ते म्हणाले. “रविवारी बघू.”

“का हो?” आत्या म्हणाली. “रविवारी माणसं पडत नाहीत वाटतं?”

साहेबांनी कपाळ पुसलं. मी फॉर्मवर ठळक अक्षरात ‘नाही’ लिहिलं, त्याखाली सही केली आणि खुर्ची ओढून प्लगसमोर बसलो.

“हे काय?”

“पहारा. दुसरी वायर वेगळ्या लाइनवरून येईपर्यंत उठणार नाही. गोदामात पाठवायचं असेल, तर खुर्चीसकट उचला.”

“आणि तुला शू लागली तर?”

“तर तुम्ही बसाल. राखीव.”

फोनमधून आत्या इतकी हसली की साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी इलेक्ट्रिशियनला फोन लावला. लागला नाही, म्हणून दुसऱ्याला लावला.