ऐंशी ओळी आणि चार

दवाखान्यातला कॉम्प्युटर नवा कोरा होता, पण आमच्या एक्स-रे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र "मी जुनाच आहे" असं सांगत होता. जुने प्रोग्रॅम बिथरू नयेत म्हणून नव्या सिस्टिम कधीकधी मुद्दाम आपल्या आवृत्तीचा असा जुना आकडा सांगतात. तो ऐकून, नवी सिस्टिमच लागणारा आमचा प्रोग्रॅम दारातूनच परत फिरायचा.

मी तीन दिवस डोकं आपटलं. कुठला आकडा खरा, कुठला खोटा, याच्या तपासणीच्या कोडच्या ऐंशी ओळी झाल्या. एक सांधलं की दुसरं तुटायचं! शेवटी झक मारत काकूंना बोलावलं. ऑफिसात सगळे त्यांना काकूच म्हणतात.

त्यांनी चष्मा पुसला, माझ्या ऐंशीच्या ऐंशी ओळी उडवल्या आणि चारच लिहिल्या. एक छोटा एक्स-रे उघडून बघायचा. उघडला, तर पुढे जायचं.

"अरे, त्याला वय कशाला विचारतोस? काम सांगून बघ ना!"

प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला. मी थक्क होऊन बघत राहिलो, आणि मग एकदम कान तापले. दोन वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी काकूंची मुलाखत घेतली, तेव्हा माझा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, तुमचं वय किती?"

तेव्हाही त्या हसून एवढंच म्हणाल्या होत्या, "काम सांगून बघा."