भुईचा पान्हा

"आला! पान्हा आला!" गर्दीतून ओरडा झाला आणि द्राक्षबागेतली माणसं एकदम पुढे सरकली.

मण्णप्पास्वामींनी जमिनीवर पालथं घातलेलं मडकं दोन्ही हातांनी उचललं होतं. मडक्याखाली काचेचा वाडगा होता. दोन भजनांपूर्वी त्यात सगळ्यांसमोर नितळ पाणी ओतलं होतं. आता ते दुधासारखं पांढरं झालं होतं. बायका हात जोडून खाली बसल्या. कुणी वाडग्याचे, तर कुणी नुसत्या मडक्याचे फोटो काढू लागलं.

"मण्णु उसिराडतैति!" स्वामी कानडीत गरजले आणि लगेच मराठीत आले. "माती श्वास घेतीया! भूमाता जिती हाय! आणि तिच्या पोटात कोण हाय, जयाबाई?"

"माझा इक्रम," जयाबाई म्हणाली आणि तिनं कपाळ मातीला टेकवलं.

मी गुरांचा डॉक्टर. या घरची गाई-म्हसरं मीच बघतो, त्यामुळे भावकू आणि जयाबाईला मी जवळून ओळखतो. निपाणीपासून वेदगंगेच्या कडेकडेनं गेलं की त्यांचं गाव लागतं. सगळा मुलूख तंबाखूचा. त्यांचा एकुलता एक मुलगा विक्रम अथणीकडे राहून द्राक्षं शिकून आला आणि त्यानं तंबाखूच्या रानात बाग उभी केली. लोक हसले. तो मात्र खड्डे खणून शेण, पाला, उसाचं पाचट कुजवत राहिला. खत पुरतं काळं पडून त्याचा वास गेल्याशिवाय एक पाटीसुद्धा वेलींना घालायचा नाही. मला मूठभर माती हातात देऊन म्हणायचा, "डॉक्टर, दाबून बगा. पोळीच्या कणकीगत झालीया का न्हाय?"

दोन वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकनं त्याच्या मोटरसायकलला उडवलं.

जयाबाई रडली नाही. ती बागेत जाऊन बसू लागली. सकाळी जायची ती अंधार पडताना भावकू हाताला धरून आणायचा. जेवण सुटलं. कुणी बोलावलं तरी ओ द्यायची नाही. तिचं अंग इतकं उतरलं, की तीही जाणार असं गाव धरून चाललं होतं. ही बातमी फिरत फिरत स्वामींच्या कानावर गेली असणार, कारण एका सकाळी ते जीपमधून उतरले ते थेट बागेतच.

"माये, पोरगं गेलं न्हाय," ते म्हणाले. "हितंच मातीत श्वास घ्यायला लागलंय. पण उपाशी हाय ते."

मग त्यांनी उपाय सांगितला. वेलीच्या बुडाशी ताजं, वाफाळतं शेण लावायचं. त्यावर गुळाचं पाणी. त्यावर स्वामींनी गोणीतून आणलेलं पांढरं दाणेदार 'कैलासभस्म'. आणि विक्रमनं कुजवलेलं खत? "ते मेलेलं अन्न. मेलेल्याला मेलेलं घालतात व्हय? फेकून द्या!" जयाबाईनं खताचे खड्डे स्वतःच्या हातानं उपसले आणि ते काळं सोनं ओढ्यात लोटून दिलं. दर अमावास्येला स्वामी यायचे, मडकं पालथं घालायचे आणि वाडगा पांढरा करून दाखवायचे. दर खेपेला दूध आधीपेक्षा दाट.

मी भावकूला गोठ्यात गाठून म्हणालो, "अहो, ते भस्म युरिया आहे. पाण्यात टाका, कसं गार पडतं बघा."

"म्हाईत हाय मला," तो हळूच म्हणाला. "जन्म शेतीत गेला माझा. पण डॉक्टर, ती जेवाया लागलीया. काल माझ्यासंगं बोलली. हसली बी. तुमी गप बसा, पाया पडतो."

मी बॅग उचलून निघालो.

उन्हं वाढली तशी पानं कडांनी करपू लागली. मग शेंडे वाळले. वेलीच्या बुडाशी माती उकरली तर मुळ्या तपकिरी, हातात तुटणाऱ्या. स्वामी म्हणाले, "लेकरू वाढीला लागलंय. भूक वाढलीया. दुप्पट घाला." जयाबाईनं दुप्पट घातलं. बाग दुप्पट वेगानं वाळली. तेव्हा कुठे भावकूनं समताला फोन केला.

समता याच गावची. बौद्धवाड्यातल्या मायाप्पाची मुलगी, विक्रमची वर्गमैत्रीण, आता निपाणीच्या शाळेत विज्ञान शिकवते. अमावास्येच्या सकाळी ती पिशवीत तीन वाडगे आणि एक बाटली घेऊन आली. गर्दी जमलेलीच होती. स्वामींचं मडकं नुकतंच पालथं पडलं होतं.

"स्वामी, मीबी मडकी ठेवू का?" तिनं विचारलं.

"तुमचा देवावर इश्वास न्हाय. तुमाला काय दिसणार?" मागून कुणीतरी बोललं. समतानं तिकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"ठेवू दे की," भावकू म्हणाला. जमीन त्याची होती. स्वामींना हसून मान डोलवावी लागली.

समतानं बाटलीतलं नितळ पाणी तीन वाडग्यांत ओतलं. एक ठेवला फाटकाबाहेरच्या उकिरड्यावर. दुसरा बागेच्या वरच्या कोपऱ्यात. तिथं स्वामींचा खुराक पोचलाच नव्हता, विक्रमचं जुनं खतच मुरलेलं होतं आणि वेली अजून हिरव्या होत्या. तिसरा ठेवला विहिरीजवळच्या शहाबादी फरशीवर. तिन्हींवर भावकूच्या घरची मडकी पालथी घातली आणि बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून फरशीवरच्या मडक्याच्या कडेला ओल्या चिखलाचा लेप दिला.

"स्वामी, या फरशीपाशी तुमी सोता मंत्र म्हणा. उकिरड्यावर कुणी काय म्हणायचं न्हाय."

स्वामींनी मंत्र म्हटले. सुरुवातीला मोठ्यानं, मग पुटपुटत. भजनं झाली. समतानं आधी फरशीवरचं मडकं उचललं. पाणी जसंच्या तसं नितळ. कोपऱ्यातल्या वाडग्यावर पातळ, धुरकट साय. उकिरड्यावरचं मडकं उचललं आणि एक म्हातारा म्हणाला, "आयला, हितं तर खरवसच झालाय!"

लोक हसले. स्वामी सावरून म्हणाले, "बघा लीला! आई उकिरड्यात बी वास करती!"

"मग फरशीवर तुमी एवढं बोलावून का आली न्हाय?" समतानं विचारलं.

"अश्रद्धेची नजर पडली!"

समतानं बाटलीतलं उरलेलं पाणी पेल्यात घेतलं, त्यात नळी घातली आणि ती फुंकत राहिली. पेला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पांढरा झाला.

"ही चुन्याची निवळी हाय," ती म्हणाली. "स्वामींच्या वाडग्यात बी हीच असणार. आपण समद्यांनी शाळेत वाचलंय. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिच्यात मिसळला की ती दुधाळ होती. मातीत बारीक जंतू असत्यात. ते बी खात्यात आणि तोच वायू सोडत्यात. विक्रमचं कुजलेलं खत ते सावकाश खायाचे, म्हणून मातीत कर्ब टिकायचा. माती काळी, मऊ ऱ्हायची ती त्या कर्बानं. ताजं शेण, गूळ आणि युरिया एकदम घातला की जंतू पिसाळल्यागत खात सुटत्यात. नवं तर खात्यातच, जुना मुरलेला कर्ब बी संपवत्यात. ते समदं वायू होऊन हवेत जातं. वाडग्यातलं दूध जितकं दाट, तितकी माती रिकामी. आणि वरनं शेणाच्या, युरियाच्या आगीनं मुळ्या जळत्यात."

स्वामींनी घड्याळ पाहिलं, दुसऱ्या गावी पूजा असल्याचं म्हणाले आणि जीपकडे चालू लागले. त्यांना अडवावं असं कुणालाच वाटलं नाही. सगळे जयाबाईकडे बघत होते.

ती उठून समताजवळ आली. "मग त्यो श्वास कुणाचा गं?"

"जंतूंचा, काकू."

"माझ्या इक्रमचा न्हाय?"

खोटं बोलणं तेव्हा किती सोपं होतं! "न्हाय, काकू."

जयाबाईनं वाळलेल्या वेलींवरून नजर फिरवली. ओळीमागून ओळ. "म्हंजे त्यानं एवढी वर्सं मातीत घातलं, ते म्या जाळलं? माझ्या हातानं?"

"तुमाला फसवलं, काकू."

"पर हात माझंच हुतं न्हवं?"

समतानं तिला मिठीत घेतलं. जयाबाईनं तिला दूर लोटलं. "तुला काय मिळालं गं सांगून? दूध येत हुतं, तवर त्यो हुता की." आणि मग दोन वर्षं अडलेलं रडू आलं. ती मातीत बसून ढसाढसा रडली. भावकू शेजारी बसला. खूप वेळानं तिनं त्याला विचारलं, "लई दुखलं असंल का वो त्येला? रस्त्यावर?"

"न्हाय," भावकू म्हणाला. "झटक्यात गेला. म्या इच्यारलंतं दवाखान्यातल्या डॉक्टरला."

हे तिनं तोवर कधीच विचारलं नव्हतं. तिच्या लेखी तो मेलाच नव्हता ना.

बागेतला वरचा कोपरा तेवढा वाचला. बाकीच्या वेली भावकूनं मुळासकट काढल्या. जयाबाई आता जेवते, पण थोडंच. समता दर रविवारी येते. जयाबाई तिला चहा देते, तिच्याशी बोलत मात्र नाही. स्वामी घाटाखालच्या कुठल्याशा गावात मडकी पालथी घालतायत, असं ऐकतो.

म्हणून ही हकिगत लिहिली. तुमच्या गावात असा कुणी वाडगा घेऊन आला, तर त्याला एवढंच सांगा : बाबा, हेच उकिरड्यावर करून दाखव, आणि नुसत्या फरशीवर करून दाखव. विचारायला कुठली पदवी लागत नाही आणि विचारल्यानं कुठलाही देव रागावत नाही. पण त्याच्याही आधी एक करा. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घरी जाऊन बसा. जयाबाई बागेत एकटी बसलेली होती, तेव्हा तिच्याकडे सगळ्यात आधी तो स्वामी आला. तुम्ही त्याच्या आधी पोचा.