सांगणारीचं नाव

देवमनच्या सरांचं एकच पालुपद. "ऐकीव गोष्टीला कवडीची किंमत नाही. वाक्याला आकडा दे, आणि कोणी सांगितलं, त्याचं नाव-गाव त्याच आकड्यानं खाली टाक." पोरगंही असं आज्ञाधारक, की विचारू नका! दुष्काळातल्या खडीकामावर कॉलेजच्या अंकात निबंध लिहिला आणि खाली सख्ख्या बहिणीचं नाव टाकून मोकळा झाला.

त्या बहिणीनं, लिलाबाईनं, त्याला एका दुपारी सगळं सांगितलं होतं. नवरा, पंजाबराव, तेव्हा लांब धरणाच्या कामावर होता. इकडे खडी फोडताना तान्ही पोर रडली, की मुकादम हाकलून द्यायचा. म्हणून तिनं पोरीला अफू चाटवली. पोर झोपली ती उठलीच नाही. नवऱ्याला तिनं सांगितलं, तापानं गेली. "यायले कदी कळू देऊ नको, देवा," म्हणत ती ढसाढसा रडली होती.

वाशिमच्या कॉलेजचा अंक रिठदच्या शेतकऱ्याच्या हाती कशाला पडतोय, असं देवमनला वाटलं. घ्या, ही शिकलेल्याची अक्कल!

पंजाबराव कापूस घेऊन वाशिमला गेला आणि मेव्हण्याच्या कौतुकानं कॉलेजातून अंकच घेऊन आला. देवमन सणाला बहिणीकडे आला, तर भाऊजी ओट्यावर बसून, अक्षराखाली बोट धरून वाचत होता.

"सांगणार, लिलाबाई पंजाबराव, रिठद. अवं, तुह्यं नाव छापलं! संगं माह्यं बी!" बिचारा नुसता हरखून गेला होता. "नावाच्या आंदी हा सात कायचा रे, देवमन?"

देवमननं अंकाला हात घातला. "काई नाई भाऊजी, द्या इकडे."

पण पंजाबरावला वर एका ओळीच्या शेवटी तसाच सात सापडला होता. ती अफूची ओळ त्यानं वाचली. मग पुन्हा वाचली.

"खोटं हाय भाऊजी!" देवमन ओरडला. "म्या मनानं लिवलं!"

"मंग इचं नाव कायले टाकलं?"

लिलाबाई पिठाचे हात घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि पंजाबरावला सगळं कळलं.

"चार सालं सोताले खाल्लं म्या," तो म्हणाला. "घरी असतो त डाक्तर आनला असता म्हून." चप्पल न घालताच तो वावराकडे निघून गेला.

देवमन काही बोलायला गेला. लिलाबाईनं त्याला हातानंच थांबवलं.

"तू नको येत जाऊ आता," ती म्हणाली.