मला लग्नाला नेलं नाही

मी सीपॅप बोलतोय. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. झोपेत ज्याचा घसा आतून मिटतो, त्याच्या नाकावरच्या मास्कमधून मी हवा दाबाने सोडतो आणि श्वासाची वाट उघडी ठेवतो.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते लातूरच्या दवाखान्यातलं टेबल आणि समोर पेंगत बसलेली आठ वर्षांची मंजुश्री. तिची हनुवटी जन्मापासून लहान. टॉन्सिल काढले, तरी झोपेत श्वास थांबायचाच. वर्गातही डोळे मिटायचे. बाईंनी वहीत ‘आळशी’ असा शेरा दिला होता.

“घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे,” डॉक्टरबाई तिच्या आईला, महानंदाला म्हणाल्या. “हिच्या हृदयावर ताण आलाय. दुपारी डोळा लागला तरी मास्क हवाच.”

अहमदपूरच्या घरी पहिले आठ दिवस मंजुश्रीने मला ओढून फेकलं. “मी सोंडवाली दिसती!” म्हणून रडायची. महानंदा मास्क आधी स्वतःच्या नाकाला लावून दाखवायची, मग तिला. महिन्याभरात पोर सरावली. फळ्यावरचं सगळं उतरवून घेऊ लागली. नाकावर उठलेल्या माझ्या वळावर मात्र पावडर थापूनच शाळेत जायची.

मग तिच्या धाकट्या काकाचं लग्न ठरलं. मुलीकडचे उदगीरचे, चार दिवस मुक्काम. महानंदाने मला पिशवीत भरलं, तर तिच्या सासूने, गुरम्माने, बाहेर काढलं.

“नवे सोयरे हायत. नाकाला नळी लावलेली पोरगी बघितली तर उद्या हिला कोण करून घेईल?”

“आत्याबाई, डॉक्टरनं सांगितलंय...”

“चार दिवसानं काय बी होत न्हाई. आता लई चांगली हाय की ती.”

बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. महानंदा घुटमळली आणि तिने मला कपाटावर ठेवलं.

तिथे काय घडलं, ते मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं. मंजुश्रीला सर्दी झाली. खोकला थांबेना, म्हणून कुणीतरी गुंगीचं औषध पाजलं. दुपारी पंगती उठत असताना ती लेकरांच्या ओळीत झोपली. चार वाजता उठवायला गेले, तर उठली नाही.

पंधरा दिवसांनी महानंदा मला घेऊन लातूरला आली. मी रोज किती तास चाललो, ते माझ्या कार्डावर उमटतं. डॉक्टरबाईंनी ते संगणकाला लावलं. लग्नाला निघाल्या दिवसापासून पुढे सगळं कोरं होतं.

“मीच ठेवलं कपाटावर, मॅडम,” महानंदा म्हणाली. “आत्याबाई बोलल्या, पर माझा हात कुणी धरला नव्हता.”

आणि मला पुढे सरकवून म्हणाली, “दुसऱ्या लेकराला द्या.”

आता माझी गाळणी बदलली आहे, मास्क नवा आहे. उद्या मी जळकोटच्या एका घरी जाणार आहे. त्या घरच्यांनो, लोक बघतील, विचारतील. बघू द्या. जिथे लेकरू निजेल, तिथे मला न्या.