फुर्रमामांनी गिळलेला घोट

फुर्रमामांनी सासरच्या पेढीत जन्मभर चहा चाखला, पण प्यायला एकदाही नव्हता. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. चाखणाऱ्यांची रीतच तशी असते, त्याला कोण काय करणार! चमचाभर अर्क ओठांशी न्यायचा, 'फुर्रर्र' करून वाऱ्यासकट आत ओढायचा, म्हणजे तो फवाऱ्यासारखा जिभेच्या टोकापासून टाळूच्या मागपर्यंत उडतो. तिथे क्षणभर घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकून मोकळं व्हायचं. दिवसभरात समोर इतके कप येतात की गिळत बसलं तर दुपारपर्यंत माणूस भिंतीवरून चालायला लागेल.

मामांची फुर्र मात्र साधीसुधी नव्हती. त्यांनी सकाळचा पहिला चमचा ओढला की छपरावरची कबुतरं उडायची आणि समोरचा घड्याळजी दुकानातली सगळी घड्याळं त्या आवाजावर लावून घ्यायचा. थुंकणं तर त्याहून वरचं. खुर्चीतून न उठता, मान न वळवता, खांद्यावरून मागे सोडलेली धार पितळी पिकदाणीच्या बरोबर मध्यात. टण्ण! एकदा पिकदाणी घासायला बाहेर ओट्यावर नेली होती. मामांनी सवयीने धार सोडली, ती दारातून बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली आणि ओट्यावर जाऊन टण्ण वाजली, असं पेढीत पत्ती निवडणाऱ्या काकू शपथेवर सांगत. काकू शपथा जरा सढळ हाताने घेत, ही गोष्ट वेगळी.

एका चमच्यावरून मामा सांगायचे की पत्ती डोंगराच्या कुठल्या अंगाची, खुडली तेव्हा ऊन होतं की ढग, आणि खुडणारी बाई त्या सकाळी नवऱ्याशी भांडून आली होती का. आता चीनमधल्या डोंगरापर्यंत जाऊन त्या बाईला कोण विचारणार? त्यामुळे मामा कधी चुकले नाहीत.

पेढी मामांच्या सासूबाईंची. सासरे होते तोवर उत्तरेकडच्या खिडकीखालच्या खुर्चीत ते बसत. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, त्यात अर्काचा रंग खोटं बोलू शकत नाही. थकले तेव्हा त्यांनी ती खुर्ची थोरल्या जावयाला दिली आणि मामा तिच्यात असे बसले, जसे तिच्यासकटच सुताराने घडवले असावेत.

"तुम्ही लग्न माझ्याशी केलंत की त्या खुर्चीशी?" बायको विचारायची.

"तुझ्याच वडिलांची ना ती? म्हणजे तुझी बहीण. माझी मेहुणी झाली," मामा म्हणायचे. "मेहुणीचं जरा करावं लागतं."

खरीखुरी मेहुणी दिली होती साडूभाऊंना. मामांचे साडू म्हणून साडूभाऊ, पण हळूहळू अख्खी पेढी त्यांना तसंच म्हणू लागली. पेढी चीनहून सुटी पत्ती आणे, दोन जातींची. काळी पत्ती मळून, मुरवून, मग चुलीच्या धुरावर वाळवलेली, आणि ती मामांची लाडकी. पांढरी म्हणजे कोवळ्या कळ्या खुडून नुसत्या सुकवलेल्या, अंगावर मांजराच्या पिल्लासारखी लव. ती साडूभाऊंकडे. तिच्या पेट्या ते अशा उघडायचे, जणू आत बाळ झोपलंय.

"हा चहा नव्हे," मामा म्हणत. "पाण्याला कोणीतरी चहाची गोष्ट सांगितलीय, बास!"

"आणि तुमचा, मामा? जळत्या घरातून बाहेर काढलेलं सामान!"

"निदान घर तरी होतं! तुमचं तर नुसतंच धुकं."

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण पांढरी पत्ती टिपकागदासारखी असते, शेजारच्याचा वास बसल्या जागी पिऊन घेते. आणि पेढीला कोठार एकच. एका गिऱ्हाइकाने पांढऱ्या चहाचा डबा परत आणून दिला. म्हणाला, "यात कोणीतरी विडी ओढलीय." सासूबाई काठी टेकत कोठारात गेल्या, या पेटीत नाक घातलं, त्या पेटीत घातलं, आणि बाहेर येऊन दोन्ही जावयांना समोर उभं केलं.

"या दोघी एका कोठारात नांदायच्या नाहीत. एकच राहील. दुसरीनं अंगणापलीकडच्या कोळशाच्या खोलीत जायचं, आणि तिच्याबरोबर तिच्या माणसानंही. ज्याची पत्ती कोठारात, त्याची खुर्ची."

"आणि हे ठरवायचं कोणी?" साडूभाऊंनी विचारलं.

"थोरल्या जावईबापूंनी. जीभ त्यांची. उद्या माझ्यासमोर दोन्ही चाखतील आणि खरं ते सांगतील."

साडूभाऊंचा चेहरा पडला. "मग मी आत्ताच केरसुणी घेतो आणि कोळशाची खोली झाडायला लागतो."

"झाडाच," मामा प्रेमाने म्हणाले. "जाळी फार झाली असतील तिथे."

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा कोट घालून आले. खिडकीखाली दोन झाकणाचे कप मांडले, एकात काळी पत्ती, एकात पांढरी. शेजारी वाळूचं घड्याळ. सासूबाई समोरच्या स्टुलावर, साडूभाऊ दाराशी, आणि दाराबाहेर काकू, काही काम नसताना.

मामांनी उकळती किटली उचलली तसे साडूभाऊ कळवळले. "पांढरीवर इतकं कढत नको हो! जरा निवू द्या आणि मग जास्त वेळ ठेवा."

"कसोटी दोघींना सारखी."

"ज्याला जसं मानवतं तसं द्या," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघंही जावईच, पण मी तुम्हाला सारखं कधी वागवलंय?"

हे दोघांनाही इतकं पटलं की मामांनी काळीवर पाणी ओतलं आणि पांढरीसाठी किटली निवायला ठेवली.

वाळू काळीसाठी एकदा सरली, पांढरीसाठी दोनदा. मामांनी अर्क वाट्यांत ओतले, भिजलेली पत्ती उलट्या झाकणांवर काढली. एक वाटी तांबूस, काठाशी सोन्याची कड. दुसरी जेमतेम पिवळसर, पांढऱ्या रुमालाने पुसली तर रुमालही मळू नये अशी. मामांनी चमचा उचलला, काळ्यात बुडवला, आणि सवयीने डोळ्याच्या कोपऱ्यातून मागे पाहिलं.

"पिकदाणी कुठाय?"

"मी बाहेर पाठवली," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

"सासूसमोर जावई थुंकणार? मी जिवंत असताना?"

"आई, अहो ही कामाची थुंकी! मामंजीसुद्धा याच खुर्चीत बसून..."

"त्यांच्या सासूबाईंसमोर? एकदा तरी? सांगा."

मामांनी दाराकडे पाहिलं. काकूंनी पिकदाणी पदराखाली घेतली होती आणि त्या मान हलवून नाही म्हणत होत्या. खिडकी बंद होती. कोटाला खिसे होते, पण इस्त्री ताजी होती. आता माघार घ्यावी तर चमचा हातात आणि सासूबाईंची नजर चमच्यावर.

फुर्रर्र! कबुतरं उडाली. मामांनी काळा घोट तोंडात घोळवला. धूर आला, मागून मनुका आली, मनुकेच्या मागून जुन्या कपाटाचं लाकूड. सगळं जिथल्या तिथे. आणि मग, दुसरा उपाय नव्हता म्हणून, मामांनी तो गिळला.

त्यांच्या घशाने चहा कधी पाहिलाच नव्हता. घोट तिथे पोचला आणि अनोळखी पाहुण्यासारखा दारात थबकला. याला आत घ्यायचं की काय करायचं हे घशाला कळेना. मामांचे डोळे विस्फारले, कान लाल झाले, कोटाचं वरचं बटण आपोआप सुटलं. मग कसाबसा गेला एकदाचा खाली.

"बरा आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"बरा?" मामांनी श्वास घेतला. "राजा आहे! आला, बसला, बोलला आणि गेला. आता दुसरी."

पांढऱ्या वाटीत चमचा. फुर्रर्र! जी कबुतरं नुकतीच परतत होती ती पुन्हा उडाली. मामांनी घोळवलं, शोधलं, जिभेच्या बाजूंना विचारलं, टाळूला विचारलं. फार फार तर काकडीच्या सालीचा कोणी लांबचा नातलग येऊन गेला असावा. त्यांनी गिळलं, या खेपेला जरा सराईतपणे, आणि खुर्चीत मागे रेलून बोलायला सुरुवात केली.

"आई, खरं सांगायचं तर हे पाणी आहे. चांगलं पाणी आहे, मी नाव ठेवत नाही. आजाऱ्याला द्यावं, भिंतीला मारावं. पण याला चहा म्हणून कोठारात जागा देणं म्हणजे..."

आणि मामा थांबले.

घशाच्या तळातून काहीतरी वर येत होतं. कोणी अनवाणी, आवाज न करता जिना चढावं तसं. आधी नुसता गारवा. मग त्याच्या मागून गोडवा, साखरेसारखा तोंडावर येणारा नव्हे, तर नुकत्याच भिजलेल्या उसाच्या शेताजवळून जाताना येतो तसा, कुठून येतोय हे न कळणारा. तो जिभेच्या मुळाशी आला, बसला, आणि उठायचं नाव घेईना. काळा केव्हाच गेला होता. हा अजून येतच होता.

"म्हणजे काय?" सासूबाई म्हणाल्या.

मामांच्या हाताखाली खुर्चीचा हात होता, सासऱ्यांच्या कोपराने गुळगुळीत झालेला. जे चाललं होतं ते त्यांच्या घशात चाललं होतं. चीनच्या डोंगरावर जाऊन आजवर कोणी पाहिलं नव्हतं. मग घशात उतरून कोण बघणार? वाक्य अर्धं झालेलंच होतं, नुसतं संपवायचं होतं. दाराशी साडूभाऊ केरसुणीवर हनुवटी टेकून त्याचीच वाट बघत होते.

"अजून आहे?" मामांनी विचारलं.

"काय?"

"हा. पांढरा."

साडूभाऊंनी केरसुणी टाकली आणि धावत येऊन झाकणावरची पत्ती परत कपात घालून तिच्यावर पुन्हा पाणी ओतलं. वाळू पुन्हा सरली. मामांनी चमचा बाजूला ठेवला, वाटीच तोंडाला लावली आणि फुर्र न करता, गपचूप, एकेक घोट करत प्यायले. छपरावरची कबुतरं बसून राहिली. आवाज नाही म्हटल्यावर काकूंना वाटलं मामा गेले, आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. त्याबरोबर पिकदाणी उघडी पडली, पण आता ती कोणालाच नको होती.

"पाणी म्हणत होतात ना?" सासूबाई म्हणाल्या.

"तोंडात पाणीच आहे, आई. पुढे नाही."

"पुढे म्हणजे?"

"पुढे मी आजवर गेलोच नव्हतो."

सासूबाई स्टुलावरून पुढे वाकल्या. "तुमचं हे असं तोंड मी लग्नात एकदा पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मग काय ठरलं?"

मामा उठले. उठताना खुर्ची करकरली. त्यांनी कोटाचं बटण लावलं. "साडूभाऊ, बसा. डावीकडे रेलू नका, तो पाय जरा लुळा आहे."

आणि टाकलेली केरसुणी उचलून ते अंगणात निघाले.

कोळशाच्या खोलीत काळ्या पत्तीच्या पेट्या लावल्या गेल्या. तिथे धुराचं कोणाला वावडं नव्हतं, भिंतींनी तर त्यांचं घरच्यासारखं स्वागत केलं. खिडकी नव्हती. एका दिव्याखाली, उलट्या पेटीवर बसून मामा आपली काळी पत्ती चाखत. फक्त तेवढीच, बाकी सगळे नमुने आता खुर्चीपुढे जात.

"गेली ना तुमची मेहुणी?" बायको म्हणाली.

"दिल्या घरी सुखी राहो," मामा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मग एका सकाळी कोळशाच्या खोलीच्या दारात साडूभाऊ उभे. डोळे बशीएवढे. केस ताठ, मिशीही ताठ. काकूंच्या सांगण्याप्रमाणे आठवडाभर त्यांचे पाय जमिनीला क्वचितच लागत होते आणि जिना ते चढत नसत, तरंगतच वर जात. जरा वाढवून सांगितलं असेल, पण काकूंनी शपथ घेतली होती.

"मामा, मला झोप नाही," साडूभाऊ भरभर बोलले. "रात्रभर पालीशी गप्पा मारतो. आता पालही येईनाशी झालीय, तिलाही झोपायचं असतं. काल तुमची खरी मेहुणी म्हणाली की एकतर चहा नाहीतर मी!"

"सगळे कप गिळता?"

"मग? पांढऱ्याची सगळी मजा मागेच असते ना!"

"अहो, तो गिळा. बाकीचे कशाला? थुंका."

"थुंकता येत नाही," साडूभाऊ खाली बघत म्हणाले. "हनुवटीवर येतं."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून पिकदाणी आणली, कारण ती आता त्यांच्याकडेच असे, आणि अंगणाच्या मध्यावर ठेवली. एक कप काळा केला. "ओढा. पोटातून. आता गाल आवळा, ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे, आणि पिकदाणीकडे बघू नका, ती लाजते."

साडूभाऊंनी गाल आवळले. धार निघाली, हवेत जरा विचार केला आणि मामांच्या बुटावर पडली.

मामांनी बूट जमिनीला पुसला. "पहिल्या खेपेला हे चांगलंच आहे. माझी पहिली धार मामंजींच्या टोपीत गेली होती. त्यांनी ती झटकून तशीच डोक्यावर घातली." मग ते म्हणाले, "शिकवीन. रोज सकाळी. पण मला एक कप लागेल."

"पांढरा?"

"गिळायला."

साडूभाऊ हवेत चालतच आत गेले आणि वाटी घेऊन आले. माडीवरच्या खिडकीतून सासूबाईंनी डोकं काढलं. "काय चाललंय तिथे?"

"झाडांना पाणी, आई!" दोघं एकदम म्हणाले. अंगणात झाड नव्हतं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

मामा उलट्या पेटीवर टेकले. वाटीतला घोट गिळून ते गप्प बसले, खालून कोणी जिना चढतंय का त्याची वाट बघत. समोर साडूभाऊंनी पुन्हा चमचा उचलला आणि सगळं बळ लावून ओढला. फुर्र.

छपरावरून एकच कबूतर उडालं. म्हातारं होतं, बहुधा भिडेखातर.