कोरा ठोका

मी मंठ्याच्या कल्याण लोहाराची ऐरण बोलतेय. बोलतेय कसली, आयुष्यभर नुसती ठणठणतच आले. आज मात्र थोडं ऐकून घ्या, कारण मला उद्याची धास्ती वाटते.

लोकांना वाटतं, ऐरण म्हणजे मार खाणारा ठोकळा. अहो, जवळ येऊन बघा की! एका टोकाला माझं शिंग आहे, त्यावर कड्या वाकवतात. पाठीवर एक गोल भोक आहे, त्यावर लोखंड ठेवून छिद्र पाडतात. शेजारच्या चौकोनी भोकात उभी छिन्नी बसते, धार वर करून. तापलेलं लोखंड त्या धारेवर धरायचं आणि वरून घण घालायचा. शेवटचा घाव मात्र हलका हवा. तो जोरात बसला तर लोखंड तुटून घण थेट धारेवर आदळतो आणि धारेचा तुकडा उडतो.

कल्याणच्या आज्यानं मला बाभळीच्या खोडात बसवलं. तेव्हापासून या घरात घण बायकाच मारतात. आता मारते ती कल्याणची बायको कौसल्या. कल्याण सांडशीनं लोखंड धरतो, हातोडीनं जागा दाखवतो आणि ती नेमका तिथंच घण घालते. काम चालू असताना दोघंही तोंडानं बोलत नाहीत. लोखंड तुटत आलं की कल्याण माझ्या उघड्या अंगावर एक कोरा ठोका देतो. म्हणजे, थांब; शेवटचा हलका घाव तो स्वतः हातोडीनं घालतो.

तो ठोका कौसल्याला हल्ली ऐकूच येत नाही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ती त्याच्या ओठांकडं बघत राहते. नवऱ्याला सांगत नाही. सांगितलं तर तो घण काढून घेईल, आणि एकट्याच्यानं हे काम व्हायचं नाही. तिचे कान माझ्याच आवाजानं खाल्ले, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, तोडताना कल्याणनं ठोका दिला, पण घण थांबला नाही. छिन्नीचा तुकडा उडून त्याच्या भुवईत घुसला. डोळा थोडक्यात वाचला.

"तुहं ध्यान कुठं होतं? म्या ठोका देल्ता की बराबर!"

"धूर गेल्ता डोळ्यात," कौसल्या म्हणाली.

"ठोका काय डोळ्यानं आईकती का?"

ती पदरानं त्याचं रक्त पुसत राहिली.

काल मात्र नवल घडलं. काम करताना तिचा अनवाणी पाय सरकून माझ्या खोडाला टेकला. तेवढ्यात कल्याणनं ठोका दिला. खोड थरथरलं, तिच्या तळव्याला ते कळलं आणि घण वरच्या वर थांबला! कौसल्या आपल्या पायाकडं बघतच राहिली.

"आगं, ऐरणीला पाय लावती का? दसऱ्याला पूजतो आपण तिला," कल्याण ओरडला.

त्याचं तोंड बघूनच तिला सगळं समजलं. "चुकून लागला वं," म्हणत तिनं खोडाला हात लावून कपाळाला नेला आणि ती चार बोटं मागं सरकून उभी राहिली.

उद्या पलीकडच्या वाडीतल्या भारतच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची जाड कमानपट्टी तोडायची आहे. कल्याणनं छिन्नीला नवी धार लावून ठेवली आहे. भुवईवरची पट्टी अजून ओलीच आहे.

कौसल्या, दसऱ्याला मी तुझं हळदकुंकू मुकाट्यानं लावून घेते ना? मग उद्या माझं एक ऐक. ओरडू दे त्याला. पाय खोडाला घट्ट लावून ठेव आणि मगच घण उचल.